रेघेच्या आतला गोलकीपर

ऑचेनब्रे, सोमवार, १० जून १९१२

ही वही एफीने आणून दिली. म्हणाली, "वॉटी, दिवसभरातले निम्मे प्रश्न मला विचार, उरलेले हिला. मला एकच डोकं आहे." चार वर्षांच्या संसारात बायकोने पहिल्यांदाच तक्रार केली, म्हणून मान्य केली.

तर पहिला प्रश्न. एखादं काम एखाद्या माणसाला उत्तम जमत असेल, तर नेमक्या त्याच कामावर बंदी घालणारी माणसं कोण असतात? ती दिसतात कशी? सकाळी उठून खातात काय?

पेपरात आलंय की येत्या हंगामापासून गोलकीपरने चेंडूला हात लावायचा तो फक्त गोलसमोरच्या मोठ्या चौकोनात. आजवर मैदानाच्या आपल्या निम्म्या भागात कुठेही लावता यायचा. सहा वर्षं मी दुसरं काय केलं? चेंडू आमच्या बाजूला वळला की गोल सोडून सुसाट पळायचं, टप्पा पडता पडताच तो उचलायचा, मग दोन पावलं, एक टप्पा, दोन पावलं, एक टप्पा, असं मध्यरेषेपर्यंत जाऊन तिथून लाथ हाणायची. 'ऑचेनब्रे रोव्हर्सचा गोलकीपर घरी सापडत नाही' असं एकदा पेपरात छापून आलं होतं. ते कात्रण एफीने बायबलमध्ये जपून ठेवलंय.

बाबांना बातमी वाचून दाखवली. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, अजून खाणीत माझ्याच थरात आडवे पडून कोळसा फोडतात आणि माझ्याहून जास्त फोडतात. बूट काढता काढता म्हणाले, "म्हणजे आता तू माझ्याजवळ राहशील म्हण की."

बाबा प्रत्येक सामन्याला माझ्या गोलमागे, उजव्या खांबाला अगदी खेटून उभे राहतात. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की तेही चालत पलीकडच्या टोकाला येतात. पण अशा दिवशी चेष्टा करायची काय गरज होती?

शनिवार, २० जुलै

खाणीला सुट्टी. आज दहावा दिवस. सकाळी मैदानावर आमचा ट्रेनर गिल्मर याने मला उंच चेंडू टाकून दिले. गिल्मर एके काळचा बचावातला बॅक, पाय दुखावल्यावर ट्रेनर झाला, बोलणं कमी. वीस टाकले, वीस धरले. रेनी नावाचा बेकरीतला एक तरणा गडी राखीव गोलकीपर म्हणून घेतलाय, तो बघत होता. त्याला म्हटलं, "बघून घे, फुकट आहे."

एक गंमत लक्षात आली. मार्चमध्ये देशभर खाणींचा संप होता, तेव्हाही सलग चार सामने मी एकही गोल होऊ दिला नव्हता. म्हणजे माणूस जितका रिकामटेकडा तितका चांगला गोलकीपर? एफीला विचारलं. म्हणाली, "तसं असतं तर तुमचा अख्खा क्लब पहिला आला असता."

शनिवार, १७ ऑगस्ट

हंगामाचा पहिला सामना. लिहायची लाज वाटते, पण लिहितो. तिसऱ्याच मिनिटाला चेंडू आमच्या बाजूला आला आणि पाय आपोआप पळाले. रेघेच्या दहा पावलं बाहेर जाऊन मी चेंडू दोन्ही हातांनी उराशी धरला. मग रेफरीची शिट्टी आणि तीन हजार माणसांचं हसणं. फ्री किकवर गोल झाला.

घरी बाबा म्हणाले, "तुझ्या बुटांचा आवाज लांब लांब जाताना ऐकला, तेव्हाच ओळखलं मी."

शनिवार, ३१ ऑगस्ट

आज रेघेच्या आत राहिलो. चौकोनात बांधून घातल्यासारखा. त्यांनी काय करावं? दोन्ही बाजूंनी उंच चेंडू टाकायला सुरुवात केली. आणि उंच चेंडू थरथरतो. हवेत येताना तो एका जागी नसतोच, वरखाली वरखाली होतो आणि शेवटी भलतीकडून डोक्यावर येतो. तीन गोल खाल्ले. मागून कुणीतरी ओरडलं, "वॉटी, घरी आहेस का रे? दार उघडंच आहे!"

मला वाटतं चेंडूतच खोट आहे. लेस एका बाजूला जड बसते, म्हणून तो थरथरत असणार. चेअरमन डोबींचं किराणा दुकान आहे. त्यांच्याकडे जाऊन म्हटलं की चेंडू सगळ्या बाजूंनी तोलून बघू या. ते चहाची पुडी बांधत होते.

"टेनंट," ते म्हणाले, "चेंडू दोन्ही संघांना एकच असतो. नवीन वर्षापर्यंत बघतो मी. मग रेनी आहेच."

त्या लाल जर्सीसाठी मी सहा वर्षं शनिवारची सकाळची पाळी करून, तोंड धुऊन, तसाच मैदानावर पळत आलोय. ती जर्सी बेकरीवाल्याच्या अंगावर? छे.

मंगळवार, २४ सप्टेंबर

दिवस लहान व्हायला लागले. चहाच्या वेळी आता दिवा लावावा लागतो आणि आमचा दिवा खराब झालाय. ज्योत नाचते. गेल्या आठवड्यात वात बदलली. काल नवी काच आणली. आज रॉकेलवाल्याशी भांडण केलं की तू तेलात पाणी घालतोस. तो रडकुंडीला आला, म्हणाला सगळ्या आळीला हेच तेल देतो.

एफी दिव्याकडे बराच वेळ बघत बसली. "कुठे नाचतोय?"

"हा काय! डोळे आहेत का?"

ती वळून बाबांकडे बघत राहिली. बाबांनी सूप पिता पिता मान नेहमीसारखी मागे टाकली होती. टेनंटांची मान अशीच असते, जरा मागे आणि डावीकडे कललेली. माझीही तशीच आहे. पेपरवाला एकदा म्हणाला होता, टेनंट चेंडूकडे सरदारासारखा तुच्छतेने बघतो.

"नाचतोय दिवा," बाबा म्हणाले. "दिवे नाचतातच."

दोघे विरुद्ध एक. बायकांना दिव्यातलं कमी कळत असावं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

मी या विषयाचा छडा लावायचा ठरवलंय. आज खाली आमच्या थरात जेवायच्या सुट्टीत सात जणांना विचारलं, "तुमचा दिवा नाचतो का रे?" आमच्या खाणीत पेट घेणारा वायू आहे, म्हणून जाळीचे बंद दिवे, उजेड बेताचाच.

पाच जण म्हणाले, नाचतो. सहावा म्हणाला, "पाळीच्या सुरुवातीला नाही, शेवटी नाचतो." सातवा होता मनरो. तो चिडला. म्हणाला, "असले प्रश्न वर जाऊन विचारू नकोस. नेस्बिटने विचारले, डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि आता बसलाय वर बायकांमध्ये कोळशातले दगड वेचत."

नेस्बिटला डोळ्यांचा आजार होता, ते निराळं. माझे डोळे चांगले आहेत. पेपरातली बारीक अक्षरं मी वाचतो.

तर निष्कर्ष: सातपैकी सहा जणांचा दिवा नाचतो, एक जण सांगत नाही. म्हणजे ज्योत नाचणं हा दिव्याचा स्वभावच आहे. रॉकेलवाल्याची माफी मागायला हवी.

रविवार, २७ ऑक्टोबर

आज एक प्रयोग पुरा केला. रविवारी चेंडूला हात लावला तर पाद्रीबाबा पुढच्या रविवारी नाव घेऊन प्रवचन देतील. पण बटाटा म्हणजे चेंडू नव्हे. एफीला मागच्या अंगणात भिंतीवर चढवलं आणि बटाटे उंच टाकायला सांगितले. शुक्रवारी पाळीवरून आल्या आल्या वीसपैकी सात धरले होते. काल सामन्यानंतर आठ. आज, कालच्या सकाळच्या पाळीनंतर खाणीत गेलो नाही तर, तेरा.

आधी वाटलं भुकेमुळे. म्हणून शुक्रवारी भरपेट जेवून पुन्हा धरले होते. तरी सातच.

एफी भिंतीवरच बसून राहिली. तिच्या ओच्यात उरलेले बटाटे होते. म्हणाली, "वॉटी, संपात तू चांगला खेळलास. जुलैच्या सुट्टीत चांगला खेळलास. आज रविवार आहे."

"म्हणजे मी आळशी आहे."

"म्हणजे तू गाढव आहेस," ती म्हणाली आणि खाली उतरून आत गेली. तिचे डोळे भरून आले होते. बटाट्यांसाठी कुणी रडतं का? सहा फुटले हे खरं आहे.

बुधवार, २० नोव्हेंबर

सरावानंतर गिल्मरने मला खोलीत थांबवलं. "खाली बस. माझ्या बोटाकडे बघ. मान हलवायची नाही." बोट वर वर नेलं. मी बघितलं. बोट थरथरत होतं. मला वाईट वाटलं, म्हटलं, "गिल्मर, तुला कापरं भरलंय रे. किती दिवस झाले?"

गिल्मरने हात खाली घेतला. मग म्हणाला, "डॉक्टर लॉरिमरकडे जा. उद्या."

"कशाला? गुडघा बरा आहे माझा."

"जा म्हणून सांगितलं ना!"

नाही गेलो. का नाही गेलो ते इथे तरी खरं लिहितो. मनरोचं बोलणं डोक्यातून जात नाही. डॉक्टरने काही लिहिलं तर डोबींना निमित्तच मिळेल. जर्सी एकदा उतरवली की परत अंगावर येत नाही, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलंय. मला भीती वाटते. कशाची, ते नीट सांगता येत नाही, कारण माझ्यात बिघडलंय काय हेच मला कळलेलं नाही.

शनिवार, ७ डिसेंबर

आज जर्सी गेली.

सकाळची पाळी करून पळत आलो, जर्सी हातात घेतली, तेवढ्यात डोबी आत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आज रेनी." नवीन वर्षाची वाटसुद्धा बघितली नाही. रेनी लाजून जमिनीकडे बघत होता. मीच त्याला जर्सी दिली. ती त्याला अगदी बरोबर बसली. आम्ही एकाच उंचीचे, हे आजवर लक्षातच आलं नव्हतं.

बाहेर बाबांना सांगायला वेळ मिळाला नाही. धुकं होतं, उजेड आंबल्यासारखा. मी गिल्मरशेजारी बाकावर बसलो. रेनी चांगला खेळला. उंच चेंडू तो झाडावरचं फळ तोडावं तसा काढतो. आम्ही एका गोलने जिंकलो. मला आनंद झाला नाही, हे लिहून ठेवतो.

आणि मग घरी जे झालं त्याला काय म्हणावं ते कळत नाही. मी आधी पोचलो. बाबा मागून आले, टोपी काढली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आज झकास खेळलास, पोरा. आता बसायला लागलास घरी. तो शेवटचा उंच चेंडू धरलास तेव्हा मी हाकही मारली तुला. ओ का नाही दिलीस?"

मी भडकलो. म्हटलं, "बाबा, आजच्या दिवशी थट्टा करू नका."

"थट्टा?" बाबांना काही कळेना. हसू तसंच तोंडावर राहिलं.

एफीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "बाबा," ती हळूच म्हणाली, "आज गोलमध्ये वॉटी नव्हता. बेकरीतला रेनी होता."

बाबा उभेच राहिले. पूर्ण नव्वद मिनिटं ते त्याच्यापासून पाच पावलांवर उभे होते.

रविवार, ८ डिसेंबर

चर्चला गेलो नाही. स्वयंपाकघरात बाबांच्या समोर बसलो आणि विचारत गेलो. बाबा, समोरच्या टोकाचा गोल दिसतो का? नाही. मध्यरेषा? नाही. मग सामना कसा बघता? "लोक ओरडतात त्यावरून. तुझ्या बुटांवरून. चेंडू दांडीला लागला की कळतं. धरलास की थप्प असा आवाज येतो." हे कधीपासून? "पहिल्यापासून. लांबचं सगळं हलतंच ना, पोरा? तुला नाही हलत?"

हलतं. मला वाटत होतं सगळ्यांना हलतं.

एफी आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती. तिने टेबलावर दिवा लावला, भर दुपारी, आणि म्हणाली, "मला हा कधीच हललेला दिसला नाही. एकदाही नाही. आईला नाही, बहिणींना नाही. आळीतल्या एकाही बाईला नाही. मी विचारून आले." म्हणजे तिनेही छडा लावला होता. फक्त तिने खाणीच्या वर विचारलं आणि मी खाली.

सहा वर्षं मी गोल सोडून का पळत होतो ते मला आज कळलं. वर उडालेला चेंडू मला दिसत नव्हता, म्हणून तो वर उडायच्या आत जाऊन पकडत होतो. आणि लोकांनी त्याला माझी करामत म्हटलं. मीही म्हटलं.

बाबांनी मला एकदाही खेळताना पाहिलेलं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सोमवार, ९ डिसेंबर

डॉक्टर लॉरिमर. बाबांनाही घेऊन गेलो, ते नको नको म्हणत असताना. डॉक्टर म्हणाले, अंधुक उजेडात आडवं पडून वर्षानुवर्षं तिरकं बघत कुदळ मारली की डोळ्यांची बुबुळं स्थिर राहत नाहीत, झुलत राहतात; वर बघताना जास्त, म्हणून मान मागे जाते. कोळशाच्या माणसांचाच आजार. खाण सोडली की हळूहळू कमी होतो. मला म्हणाले, काही महिने. बाबांना म्हणाले, "चाळीस वर्षं झाली ना, आर्ची? फार आशा ठेवू नकोस."

बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं मला वाटलं दिवेच तसे आहेत."

कागदावर लिहिलं. दोघेही आता खाणीच्या वरच्या कामावर.

बुधवार, २९ जानेवारी १९१३

मी चाळणीपाशी बायकांमध्ये बसून कोळशातले दगड वेचतो. पहिल्या दिवशी जीनेट म्हणून एक आहे तिने दगड उचलून विचारलं, "काय हो गोलकीपर, हा तरी धरता येईल का?" आणि टाकला. सुटला. आता रोज सकाळी एक टाकते. काल धरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मुकादमाने शिव्या दिल्या.

बाबा दिव्यांच्या खोलीत आहेत. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला दिवा देतात आणि विचारतात, "नाचतो का?" मनरो सोमवारी डॉक्टरकडे जाऊन आला.

रविवार, १६ मार्च

चहाच्या वेळी एफीने दिवा लावला. मी ब्रेडला लोणी लावत होतो. वर बघितलं आणि सुरी तशीच हातात राहिली.

ज्योत उभी होती. नुसती उभी. पिवळी, टोकाला जरा काळी, आणि हलत नव्हती. इतकी साधी गोष्ट असते ही! एफीच्या हनुवटीवर एक बारीक तीळ आहे. मी तिला विचारलं, हा कधी आला. ती म्हणाली, "आईच्या पोटातून."

बाबांना सांगितलं नाही. पण ते म्हणाले, "एवढा गप्प का झालास? थांबला ना?" आणि माझा हात दाबला.

शनिवार, २६ एप्रिल

गुरुवारी रेनीचा हात भट्टीत भाजला. डोबी स्वतः घरी आले. म्हणाले, "टेनंट, शेवटचा सामना आहे. गिल्मर म्हणतो तू आता सरावात उंच चेंडू धरतोस. मी म्हणतो बघू. पुढच्या हंगामाच्या यादीत कुणाचं नाव घालायचं ते आज ठरेल."

जर्सी अंगात घातली तेव्हा बेकरीचा वास आला.

मैदानात गेल्यावर आधी उजव्या खांबापाशी गेलो. बाबा टोपी घालून उभे होते, मान मागे. म्हटलं, "बाबा, मी आहे. वॉटी."

"आवाजावरून कळतं रे."

"आज नुसते आवाज नाही ऐकायचे," मी म्हटलं.

आणि शिट्टी झाल्यापासून बोलायला लागलो. नव्या नियमाने मला कुठे जायचं नव्हतंच, पूर्ण वेळ त्यांच्यापासून दहा-पंधरा पावलांवर होतो. चेंडू मध्यावर आहे, बाबा. त्यांच्या डाव्या गड्याकडे गेला, तो टकला आहे, पळतोय बघा कसा. आमच्या बॅकने पाय घातला. बाहेर. आता फेकतायत. आमचा बॅक वळून म्हणाला, "डोकं फिरलंय का रे? कुणाशी बडबडतोस?" म्हटलं, "घरच्यांशी."

मध्यंतरात बाबांना दंडाला धरून पलीकडे नेलं.

शेवटच्या पाच मिनिटांत कोपऱ्यावरून चेंडू आला, उंच, अगदी ढगाला लागल्यासारखा. मी वर बघितलं. तो एकटाच येत होता, एका जागी एकच. लेसची गाठ दिसली, चिखल दिसला. दोन गड्यांच्या डोक्यावरून हात घालून तो काढला.

"धरला, बाबा."

"ऐकलं. नाचत होता का?"

"नाही."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "पुढे सांग."

गोलशून्य बरोबरी. डोबी म्हणाले, यादीत रेनीबरोबर माझंही नाव राहील, कुणी कधी खेळायचं ते हंगामात बघू. मी हो म्हटलं. खाणीत खाली पुन्हा जाणार नाही, हेही सांगितलं.

घरी आलो तर तोंडातून शब्द फुटेना. एफीने मीठपाणी गरम करून दिलं आणि बाबांना विचारलं, "याचा घसा कशाने बसला?"

बाबा शेकोटीजवळ बूट काढत होते. म्हणाले, "मी सामना बघत होतो ना."